नऊचा मिस कॉल

कलावते, तुझा ब्रश मी घेऊन आले आहे.

तुझी सून सुवर्णा मोरी आवरत होती. साबणाची वडी तिने टाकून दिली, तेलाची बाटली ठेवून घेतली आणि ब्रश हातात धरून उभी राहिली. "मोठ्या आत्याबाई, ह्याचं काय करू?" म्हणाली. मी म्हटलं, "दे इकडं." पिशवीत टाकला आणि निघाले. नांदेडहून लातूरपर्यंत एसटीत पिशवी मांडीवर होती. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, कंडक्टरने तिकीट दिलं, शेजारणीने शेंगा दिल्या, मी त्या खाल्ल्याही. लातूरचा स्टँड आल्यावर लक्षात आलं, सबंध रस्ताभर मी कशाचाच विचार केला नव्हता.

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस. सगळे मला म्हणतात, रडून घे, मोकळी हो. रडू येत नाही. भाकऱ्या होतात, झाडून होतं, दुपारी झोप लागते. काल भाजीत मीठ दोनदा पडलं आणि ती भाजी मी खाल्ली. ताट संपल्यावर कळलं की खारट होती.

ब्रशबद्दल बोलते. त्याचे केस चारी बाजूंनी वाकले आहेत. मध्ये पार चपटा झाला आहे. घासून घासून जसा होतो तसा. मी साडेचार वर्षं तुला खोटारडी म्हणत आले. तू खोटारडी नव्हतीस. पण त्याच ब्रशाशेजारी मिश्रीची डबी होती, काठोकाठ भरलेली, तेही मी बघितलं. म्हणजे माझंही अगदीच चुकलं नव्हतं.

आपण जावा. मी थोरली, तू धाकटी. गावात होतो तोवर रोज उजाडताना ओट्यावर बसून दोघींनी मिश्री लावायची. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घ्यायची, दातांवर फिरवायची आणि सासूचं नाव घेत लांब थुंकायचं. सासूही तिसऱ्या कोपऱ्यात बसून तेच करायची आणि आपलं नाव घ्यायची. ब्रश नावाची वस्तू घरात नव्हती.

भूकंपानंतर आपली दोन घरं दोन दिशांना गेली. तुझ्या नवऱ्याला नांदेडला कचेरीत शिपायाची नोकरी लागली. आम्ही लातूरला आलो आणि मी क्लासच्या गल्लीत खानावळ घातली. गावोगावची पोरं तिथं डॉक्टर व्हायला यायची. सकाळी नळापाशी रांग. बहुतेकांच्या तोंडात ब्रश, हातात कागद. काहीजण ब्रश तोंडात तसाच ठेवून अर्धा अर्धा तास वाचत उभे राहायचे, लाळ सदऱ्यावर गळायची तरी पत्ता नसायचा. काही तर ब्रशाला हातच लावायचे नाहीत, तेवढ्या वेळात दोन गणितं होतात म्हणायचे. मी एकच नियम ठेवला होता. तोंड धुतल्याशिवाय ताट नाही.

रेणापूरची स्नेहल त्यातलीच. दोन वर्षं माझ्याकडे जेवली. "आजी, एकच प्रश्न राहिलाय, मग धुते," म्हणायची.

"मग प्रश्नच खा," मी म्हणायची.

तिचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला. दाताच्या कॉलेजला गेली. जाताना रडत होती. मी म्हटलं, "रडतीस कशाला? काळीज एकच असतंय, दात बत्तीस असत्यात. तुला धंदा जास्ती." हे तिने पुढे आपल्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी लोकांना सांगितलं म्हणे.

पाचेक वर्षांमागे तू एका लग्नाला लातूरला आलीस तेव्हा भाकरी वरणात बुडवून, पार लगदा करून गिळत होतीस. मी तोंड उघडायला लावलं. हिरड्या जांभळ्या, सुजलेल्या, बोट लावलं तर रक्त. वर तुला साखरेचा आजार. मी तुला ओढत स्नेहलकडे नेलं. तिने खुर्ची मागे झोपवायला घेतली, ती जरा हलली मात्र, तू टुणकन खाली उतरलीस. "उभ्यानं बघ काय बघायचं ते," म्हणालीस. स्नेहलने खरंच तुला उभ्याने तपासलं, बॅटरी हातात धरून. मग म्हणाली, "मावशी, हिरड्या अशाच राहिल्या तर साखर आवरणार नाही. आणि साखर आवरली नाही तर हिरड्या बऱ्या होणार नाहीत. दोन्ही वेळा ब्रश करायचा. मिश्री बंद."

"मिश्री बंद? मग दिवस कसा उगवायचा?"

मी हसले. स्नेहल माझ्याकडे वळली. "तुम्ही हसू नका, आजी. तुम्ही उघडा आता तोंड." माझंही तसंच निघालं. रक्त तेवढं कमी होतं.

तिने दोन ब्रश काढून टेबलावर ठेवले. मी एक उचलला. तू हात मागे घेतलास. "म्या कुणी दिलेला ब्रश घेत नसते," म्हणालीस. स्नेहलला वाटलं, म्हातारी हट्टी आहे. मला माहीत होतं. मी खाली बघितलं.

स्नेहलच्या दवाखान्यातून फोनवर मेसेज येतात, सकाळी एक आणि रात्री नऊला एक. "नऊ वाजले. दात घासले का?" असे मराठीत. मी चौथीपर्यंत गेलेली, अक्षर अक्षर लावून वाचते. तुला कुणी शाळेत घातलंच नाही. तुझा फोन टिंग करायचा आणि तू म्हणायचीस, "कंपनीवाले लई मेसेज धाडून राहिलेत." महिना गेला. मग सुवर्णाने तुझ्या फोनमध्ये अलार्म लावून दिला आणि फोन भांड्यांच्या मांडणीवर ठेवला. नऊ वाजले, फोन थरथरला, मांडणीवरची ताटं वाजली. तू नातीला काखेत मारून गल्लीत जाऊन उभी राहिलीस आणि ओरडलीस, "भाईर निघा, समदे भाईर निघा!" शेजारचे निघाले सुद्धा. नंतर हसले. सुवर्णाही मला फोनवर हसत हसत सांगत होती.

मला हसू आलं नाही. भूकंपाच्या रात्री आपल्याकडेही आधी भांडीच वाजली होती.

त्या रात्री मी तुला म्हटलं, "काढून टाक तो अलार्म. थरथर पण बंद करून घे. म्याच मिस कॉल देत जाते. दोनदा वाजला का समजायचं, अक्का दात घासायला उठली. तू पण उठायचं. तुझं झालं का तू मला द्यायचा. पर उचलायचा न्हाई."

"कामून?"

"उचलला का बोलावं लागतंय. बोललं का आपलं भांडण व्हतंय."

"ते बी खरंच हाय," म्हणालीस.

ब्रश तुला कुणी दिला नाही. दुसऱ्या दिवशी तू स्वतः दुकानात जाऊन आणलास, हे सुवर्णाने मला आत्ता, तू गेल्यावर सांगितलं.

साडेचार वर्षं तो नियम पाळला. नऊला मेसेज यायचा, मी चष्मा न लावताच ओळखायची. तुला दोनदा वाजवायचा, कट करायचा, उठायचं. मी चूळ भरायच्या आत तुझा यायचा, दोनदा, कट. तू नेहमी माझ्या आधी आटपायचीस म्हणून मला संशय. दिवाळीत भेटलीस तेव्हा सरळ तोंडावर बोलले. "तू नुस्ताच मिस कॉल देतीस. घासत न्हाईस."

"तू यिऊन बगितलीस जणू."

"तोंडाला मिश्रीचा वास येतोय, कलावते."

"ब्रश करून मंग लावते. तुजं काय जातंय? तोंड माजं हाय."

त्यावरून तीन महिने आपण बोललो नाही. मिस कॉल मात्र एक दिवस चुकला नाही. सणाचे फोन बंद, ख्यालीखुशाली बंद, आणि नऊला दोनदा वाजून कट. मला कधी वाटायचं उचलावा. वाटायचं आणि जायचं. उचलला असता तर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

तू गेलीस तेव्हा मी दुपारपर्यंत नांदेडला पोचले. पुरायच्या आधी आपल्या रीतीप्रमाणे तुला बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठीला उशी लावलेली. स्वामी मंत्र म्हणत होते. तुझं तोंड जरासं उघडं राहिलं होतं आणि खालचे चार दात दिसत होते. स्वच्छ होते. धुतलेल्या ज्वारीसारखे. मी तेच बघत बसले. बायका म्हणत होत्या, केवढा जीव होता जावेवर, डोळा हलवीना. मी दात बघत होते.

मातीला मीही आले. खड्ड्यात तुला बसवल्यावर सगळ्यांनी एक एक मूठ माती टाकली. स्वामी मला म्हणाले, "मोठ्या बाई, तुमी टाका." मी टाकली नाही. लोकांना नवल वाटलं असेल. तुझ्या पोराने, मल्लूने, माझ्या हातात माती दिली. ती मी तिथंच खाली सोडली, बाजूला.

का टाकली नाही ते सांगते. तुला वाचता येत नाही, म्हणून लिहायला सोपं जातंय.

भूकंपाचा तिसरा दिवस आठव. आपण पत्र्याच्या शेडजवळ बसलो होतो. ट्रकमधून मदत येत होती. आपल्याला हवं होतं पाणी, एखादी घोंगडी, चुलीला काहीतरी. आणि एका ट्रकमधून खोकीच्या खोकी ब्रश उतरले. कुठल्याशा शहरातल्या भल्या माणसांनी पाठवलेले. वाटणाऱ्या पोराने तुझ्या हातात एक ठेवला आणि पुढे गेला. तुझी भाग्या जाऊन तीन दिवस झाले होते. दोन वर्षांची पोर. तू त्या ब्रशाकडे बघितलंस आणि लांब भिरकावून दिलास. पडला तो एका पडक्या भिंतीपलीकडे.

मी माझा ब्रश घेऊन टँकरपाशी गेले. जन्मात पहिल्यांदा ब्रश धरला होता. किती पेस्ट घ्यायची ते कळत नव्हतं, भसाभसा घेतली. घासत राहिले. तोंडभर फेस झाला, हनुवटीवरून गळायला लागला. तू लंगडत आलीस, पायाला पट्टी होती. माझ्यासमोर उभी राहिलीस.

"अक्का, तुला दात घासायचं सुचतंय?"

मी घासायची थांबले.

"सुचणारच. तुजी दोनी हायेत."

माझी दोन्ही पोरं वाचली होती, ते खरं. तोंडात फेस होता. बोलता आलं नाही. थुंकून बोलावं असं वाटलं, तोवर तू वळली होतीस. नंतर तू तो विषय काढला नाहीस आणि मीही नाही. पण पुढे कुठल्याही गोष्टीवरून वाजलं तरी खाली तेच होतं. स्नेहलच्या टेबलावर तू हात मागे घेतलास तेव्हाही तेच.

आता ऐक. भाग्याला मी काढलं. तुझा पाय वाशाखाली अडकला होता, माणसं तुला सोडवत होती. उजाडलं होतं. मी दुसऱ्या अंगाने दगड काढत गेले आणि मला तिचा हात लागला. तिला बाहेर घेतलं तर तोंड मातीने भरलेलं होतं. नुसती लागलेली माती नाही, आत गच्च भरलेली. मी बोटाने काढली. दातांच्या फटीतली पदराने पुसली. छोटे छोटे दात होते, मोजून सांगू शकेन. नाक पुसलं, डोळे पुसले, केसातली झटकली. मग गोधडीवर ठेवलं आणि तुला आणलं.

तू तिला बघून म्हणालीस, "माजी माय, झोपल्यागत दिसतीया. धूळ सुदिक लागली न्हाई. झोपेतच गेली." आणि पुढे सगळ्यांना तू तेच सांगत आलीस. झोपेतच गेली, तिला काही कळलं नाही. सुवर्णाला सांगितलंस, मल्लूला सांगितलंस. त्या एका वाक्यावर तू इतकी वर्षं काढलीस.

त्यानंतर माझ्या तोंडातली माती जाईना. खरी होती थोडी, उकरताना गेलेली. बाकी नव्हती, पण लागायची. पाणी प्यायलं तरी माती, भाकरी खाल्ली तरी माती. मिश्री लावून बघितली, तीही मातीच लागली. म्हणून ब्रश मिळाल्याबरोबर घासत सुटले. हे तुला सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प राहिले. तू मला दगडाच्या काळजाची म्हणालीस, लोकांतही म्हणालीस, ते चालवून घेतलं. चांगलं केलं का वाईट, ठाऊक नाही. मला चांगुलपणा करायचा होता असंही नाही. नुसतं जमलं नाही.

आणि परवा स्वामी म्हणतात माती टाका. कशी टाकू? तोंड उघडं होतं तुझं.

आता शेवटचं. तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशीचं.

नऊला मेसेज आला. मी तुला दोनदा वाजवून कट केलं आणि बेसिनपाशी गेले. घासत होते. तुझा आला. दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. मी थांबले. चौथ्यांदा, पाचव्यांदा. फोन खाटेवर होता, चार पावलांवर. उजेड पडलेला दिसत होता. मी मनात म्हटलं, म्हातारी झाली कलावती, कट करायचं विसरली. उचलायचा नाही हा नियम माझाच. वर तोंडात फेस. पूर्ण वाजून तो आपोआप बंद झाला. मी चूळ भरली, ब्रश झटकून गिलासात ठेवला, पाय पुसले आणि आडवी झाले. उलटा फोन केला नाही. करावा असं मनातही आलं नाही. उद्या नऊला येईलच, असं काहीसं वाटलं असेल. वाटलं असेल म्हणते, कारण खरं तर काहीच वाटलं नव्हतं.

सकाळी मल्लूचा आला. तो उचलला.

सुवर्णाला मी विचारलं, काय म्हणत होती ती? ती म्हणाली, "काही न्हाई ओ. त्या दिवशी मोरीतून आल्या आन म्हणाल्या, ब्रश पार झिजला, अक्काला इचारते कोणता आणू. तिची डॉक्टरीण सांगती तिला समदं. मग फोन कानाला लावून बसल्या. म्हणाल्या, उचलंना म्हातारी, नियमाची लई पक्की. हसल्या. सकाळी बोलते म्हणून झोपल्या."

एवढंच. दुखत होतं का, घाम आला होता का, मी सगळं विचारलं. सुवर्णा म्हणते काही नाही, वरणभात खाल्ला, नातीची वेणी घातली. डॉक्टर म्हणाले, पहाटे झोपेत हृदय बंद पडलं, काही कळलं नसेल. झोपेतच गेली, असं आता सगळे तुझ्याबद्दल म्हणतात. मी मान हलवते. तुझं तोंड मी पुसलं नव्हतं, म्हणून विश्वास ठेवते.

पण तू मला ब्रश विचारायला फोन केला होतास, कलावते. कोणता आणू म्हणून. इतक्या वर्षांनी. मी काय सांगितलं असतं? मऊ केसांचा घे, लहान तोंडाचा घे, आणि घासताना जोर लावू नकोस. स्नेहल मला हेच सांगते. दुकानात जाऊन तसला एक आणला आहे. तुझ्या जुन्याशेजारी ठेवला आहे. कशाला आणला, ते विचारू नकोस.

स्नेहल भेटायला आली होती. तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, "आजी, मावशींच्या नंबरवर जाणारे मेसेज बंद करू का?" मी म्हटलं, "राहू दे. सुवर्णाला वाचता येतंय." तुझा फोन आता सुवर्णाकडे आहे. तिच्या हिरड्या मी बघून आले. तिलाही लागणार आहे हे सगळं.

नऊला मी तिला फोन करते. पहिल्या दिवशी तिने दोनदा वाजू दिला आणि उचलला नाही, आत्यांचा नियम म्हणून. मी परत लावला. परत वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी तिला ओरडले. ती घाबरली बिचारी. म्हणाली, "मोठ्या आत्याबाई, तुमीच तर सांगितलं होतं, उचलायचा न्हाई."

मी म्हटलं, "तो नियम मोडला. आता वाजला का उचलायचा. तोंडात फेस असला तरी उचलायचा."

थुंकायला कितीसा वेळ लागतो, कलावते.